जांभळ्या कोबीचा निळा रंग

ईस्टरची अंडी स्वयंपाकघरातल्याच वस्तूंनी रंगवायचं ठरवलं तेव्हा हळद, बीट, कांद्याची सालं ही नावं लगेच सुचली. अडत होतं ते निळ्यापाशी. तो निळा मिळाला जांभळ्या कोबीतून, आणि या सगळ्या खटाटोपात मला सगळ्यात जास्त आनंद त्यानेच दिला.

कोबी चिरून, बुडेल इतक्या पाण्यात अर्धा तास मंद आचेवर उकळला. गर्द जांभळं पाणी गाळून पूर्ण गार होऊ दिलं आणि कपाला एक मोठा चमचा या मापाने पांढरं व्हिनेगर घातलं. पाणी बघता बघता लालसर गुलाबी झालं. उकडलेली पांढरी अंडी त्यात सोडल्यावर कवचावर बारीक बुडबुडे धरू लागले. कवच म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. आम्ल लागलं की त्यातून कार्बन डायऑक्साइड सुटतो, पृष्ठभाग किंचित खरखरीत होतो आणि रंग नीट धरतो. भांडं रात्रभर फ्रीजमध्ये ठेवलं. सकाळी त्या गुलाबी पाण्यातून अंडं वर काढलं तर ते निळं! कोबीतलं अँथोसायनिन हे रंगद्रव्य आम्लात लाल दिसतं आणि आम्लता कमी झाली की निळ्याकडे वळतं. कवचाला लागून असलेलं आम्ल कवचामुळे निष्प्रभ होतं, म्हणून भांड्यातलं पाणी गुलाबी आणि अंडं निळं. कारण कळल्यावरही ते बघताना हरखून जायला होतं.

कांद्याच्या सालांना एवढी वाट पाहावी लागत नाही. पिवळ्या कांद्याची भरपूर कोरडी सालं घेऊन अंडी त्यांच्यासोबतच उकळली की नारिंगीपासून विटकरीपर्यंत छटा येतात. लाटव्हिया, लिथुआनियात ही जुनी पद्धत आहे. ग्रीसमध्ये गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी अंडी लाल रंगवतात. तो लाल ख्रिस्ताच्या रक्ताचा. उकळण्याआधी अंड्यावर कोथिंबिरीचं ओलं पान चिकटवलं, वरून जुन्या पातळ मोज्याचा तुकडा ताणून घट्ट गाठ मारली. मोजा सोडवून पान सोललं तेव्हा खाली प्रत्येक कातरा आणि बारीक देठसुद्धा फिकट उमटलेला होता. मात्र पान सगळीकडून सपाट बसायला हवं, नाहीतर कडेने रंग आत शिरतो.

हळद झटपट चढते. हळदीचं पिवळं अंडं पुढे कोबीच्या पाण्यात ठेवलं की हिरवं होतं, त्यामुळे हिरव्यासाठी वेगळं काही उकळावं लागत नाही. बिटाचा गुलाबी मात्र वाळल्यावर तपकिरीकडे झुकतो, म्हणून माझी त्यावर फारशी भिस्त नाही.

रात्रभर मुरलेला रंग ओला असताना बोटाला लगेच येतो. अंडी पुसायची नाहीत, जाळीवर ठेवून आपोआप वाळू द्यायची. मग थोडंसं खायचं तेल हलक्या हाताने फिरवलं की रंग खुलतो. खायची अंडी दोन तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवू नयेत. फ्रीजमध्ये ठेवून आठवड्याच्या आत संपवावीत. टेबलावर मांडायची आधीच बाजूला काढलेली बरी, आणि ती खाऊ नयेत.