चावी फिरवली का?

चुकीचं इंधन भरल्याचा फोन आला की पहिला प्रश्न एकच विचारायचा असतो: चावी फिरवली का? बाकीचं नंतर.

त्या सकाळी उत्तर आलं, "दोनदा. पण इंजिन चालू नाही केलं." गाडी सात महिन्यांची पिकअप, मालकाची पहिलीच डिझेल गाडी. डॅशबोर्डवर डीईएफ (धूर स्वच्छ करायला वेगळ्या टाकीत भरायचा द्रव) कमी असल्याचा दिवा लागला, म्हणून त्यांनी 10 लिटरचा कॅन आणला, नरसाळं लावलं आणि अख्खा कॅन डिझेलच्या टाकीत रिकामा केला. दिवा गेला का ते बघायला चावी फिरवली, तर दिवा तसाच आणि डिझेलचा काटा वर सरकलेला. विश्वास बसेना म्हणून पुन्हा एकदा फिरवली. मग डोक्यात प्रकाश पडला.

"हळूहळू चालवत गॅरेजपर्यंत आणू का?"

अजिबात नाही. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून ठेवा आणि गाडी टोइंगच्या ट्रकवर चढवून पाठवा, असं सांगितलं. वायर काढायला लावली त्याला कारण आहे. काही गाड्यांत ड्रायव्हरचं दार उघडलं तरी टाकीतला पंप दोन-चार सेकंद फिरतो आणि टाकीत जे काही असेल ते पुढच्या लाइनमध्ये ढकलतो.

डीईएफला बरेच जण नुसतं 'युरिया' म्हणतात. त्यात 32.5 टक्के युरिया आणि बाकी शुद्ध पाणी असतं. सायलेन्सरच्या लाइनमध्ये त्याचा फवारा मारून धुरातले नायट्रोजन ऑक्साइड कमी करायचे, एवढंच त्याचं काम. इंजिनच्या आत त्याला जागाच नाही. डिझेलपेक्षा ते जड असतं, म्हणून टाकीत तळाशी बसतं, आणि पंप इंधन ओढतो ते तळातूनच. म्हणजे टाकीत वर 20 लिटर चांगलं डिझेल असलं तरी इंजिनकडे पहिल्यांदा निघतं ते हेच. पुढे हाय-प्रेशर पंप आणि इंजेक्टर. तिथे दाब दीड-दोन हजार बारचा आणि भागांमधली फट काही मायक्रॉनची. या भागांना वेगळं ऑइल नसतं, डिझेलच त्यांचं वंगण. तिथे पाणी गेलं की धातूवर धातू घासतो, कीस निघतो, तो रेल (सगळ्या इंजेक्टरना दाबाखालचं डिझेल पुरवणारी नळी) आणि इंजेक्टरमधून परतीच्या लाइनने पुन्हा टाकीत येतो आणि सगळी यंत्रणा खराब करतो. त्यातून युरिया अ‍ॅल्युमिनियम आणि तांब्याला खातो, आणि वाळला की पांढरे खडे होतात.

गाडी आल्यावर आधी शोधायचं होतं की डीईएफ कुठपर्यंत पोचलंय. फिल्टरखालचा पाणी काढायचा नट सैल करून पारदर्शक बाटलीत नमुना घेतला. खाली दोन बोटं रंगहीन द्रव, वर डिझेल. पाणी की डीईएफ हे डोळ्यांना कळत नाही. स्टीलच्या पट्टीवर त्याचे दोन थेंब टाकून हीट गनने हलकेच वाळवले. शुद्ध पाणी असतं तर काही उरलं नसतं, इथे पांढरी पूड उरली. मग फिल्टरनंतरची, हाय-प्रेशर पंपाकडे जाणारी नळी सोडवली आणि त्यातल्या इंधनाला पाणी ओळखायची पेस्ट लावली. रंग बदलला नाही. पंप वाचला होता. दोनऐवजी पाच-सहा वेळा चावी फिरली असती, किंवा गाडी खरंच 'हळूहळू' निघाली असती, तर पंप, रेल, इंजेक्टर आणि परतीच्या लाइन हे सगळं बदलावं लागलं असतं.

टाकी उतरवणं हे मुख्य काम. आधी शक्य तेवढं इंधन तळातून ओढून काढलं, मग पट्टे सोडून टाकी जॅकवर खाली घेतली. वरचं पंपाचं युनिट बाहेर काढलं की त्याला एक वाटीसारखा भाग असतो, टाकी उतारावर असली तरी पंपाला इंधन मिळावं म्हणून. त्यात अर्धा लिटरभर माल अडकून राहतो. घाईत काम करणारे टाकी धुतात आणि ही वाटी विसरतात.

धुण्यातही एक चूक हमखास होते. टाकी डिझेलने धुतात. युरिया डिझेलमध्ये विरघळत नाही, पाण्यात विरघळतो. म्हणून कोमट डिस्टिल्ड वॉटरने तीनदा धुतली, प्रत्येक वेळी शेवटचे थेंब पट्टीवर वाळवून पाहिले. तिसऱ्यांदा पूड आली नाही. मग कोरड्या हवेने पूर्ण सुकवली. याला वेळ लागतो आणि तो द्यायलाच हवा, नाहीतर युरिया काढून पाणी ठेवल्यासारखं होतं. शेवटी थोडं ताजं डिझेल फिरवून तेही काढून टाकलं. टाकीपासून फिल्टरपर्यंतची नळी अशीच धुतली, फिल्टर नवा घातला.

मालकांनी विचारलं, काढलेलं डिझेल निवळू दिलं तर वरचं वापरता येईल का? दिसायला स्वच्छ दिसतं, पण डीईएफचे बारीक थेंब त्यात तरंगत राहतात. नाही वापरायचं, आणि गटारातही नाही ओतायचं.

नवा फिल्टर बसवताना त्यात बाहेरून डिझेल ओतून भरायची जुनी सवय असते. हल्लीच्या इंजिनांत ते टाळावं. ओतलेलं डिझेल फिल्टरच्या स्वच्छ बाजूला गेलं तर गाळल्याशिवाय थेट पंपात जातं. चावी ऑन करून पंपाचा आवाज थांबेपर्यंत थांबायचं, बंद करायची, असं पाच-सहा वेळा केलं की हवा निघते. ज्या गाडीला हाताचा पंप आहे तिथे तो कडक होईपर्यंत दाबायचा. नुसता स्टार्टर मारत राहिलं तर हाय-प्रेशर पंप कोरडा फिरतो.

मात्र इंजिन चालू करण्याआधी सवयीने डिपस्टिक काढली, आणि दिवसाचं दुसरं प्रकरण तिथे निघालं. ऑइल वरच्या खुणेपेक्षा बोटभर वर होतं, पातळ, आणि डिझेलचा वास येत होता. मालक म्हणाले, "ऑइल कमी होत नाहीये, उलट भरलेलं दिसतं, म्हणून मी निर्धास्त होतो."

डिझेल गाडीत चढतं ऑइल हे उतरत्या ऑइलइतकंच वाईट लक्षण. ही पिकअप दिवसभर चार-पाच किलोमीटरच्या फेऱ्या मारायची, बहुतेकदा रिकामी. सायलेन्सरमधल्या डीपीएफ फिल्टरमध्ये काजळी साठते. ती जाळायला तिथे सुमारे 600 अंश तापमान लागतं. त्यासाठी या इंजिनात सिलिंडरमध्ये उशिरा जादा डिझेल सोडलं जातं. ही प्रक्रिया, म्हणजे रिजनरेशन, सलग 15-20 मिनिटं चालायला हवी. मध्येच गाडी बंद केली की काजळी तशीच राहते, आणि दर अर्धवट प्रयत्नात थोडं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून ओघळून ऑइलमध्ये उतरतं. स्कॅनर लावला तर अर्धवट सुटलेल्या रिजनरेशनची लांबलचक नोंद निघाली.

खुणा त्यांना दिसल्या होत्या, अर्थ माहीत नव्हता: आयडलिंगचा आरपीएम थोडा चढलेला, चावी काढल्यावरही फॅन जोरात फिरतोय, गरम वास, अ‍ॅव्हरेज अचानक पडलेलं. "गाडी तापतेय" म्हणून ते दर वेळी लगेच बंद करायचे. नेमकं उलट करायला हवं होतं: अशा वेळी मोकळ्या रस्त्यावर 60 च्या पुढच्या स्थिर वेगाने, एक गियर खाली ठेवून 20 मिनिटं चालवायची. आणि रिजनरेशन चालू असताना वाळल्या गवतावर उभी करायची नाही.

पातळ ऑइलने टर्बोचे बेअरिंग झिजतात. पातळी फारच चढली तर ब्रीदरमधून, म्हणजे इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून, ऑइल हवेच्या वाटेत (इनटेकमध्ये) ओढलं जाऊन इंजिन त्याच्यावरच पळत सुटतं, आणि मग चावी काढूनही थांबत नाही. म्हणून आधी ऑइल आणि ऑइल फिल्टर बदलले, मगच इंजिन चालू केलं. ऑइल डीपीएफसाठीचं, कमी राखेचं, मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या ग्रेडचंच. काजळी जळते, ऑइलची राख जळत नाही, ती फिल्टरमध्ये कायमची बसते. नंतर स्कॅनरवरून रिजनरेशन पूर्ण करून घेतलं आणि डिपस्टिक पुन्हा पाहिली.

गाडी ताब्यात देताना मालकांनी वहीच काढली. लिहून दिलं ते थोडकंच. डीईएफचं झाकण निळं. कॅन आणि नरसाळं त्याच्यासाठी वेगळं, डिझेल लागलेलं नरसाळं तिथे कधीच नाही, कारण डीईएफच्या टाकीत थोडं डिझेल गेलं तरी तिथले रबरी भाग आणि पुढे सायलेन्सरच्या लाइनमधला धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिस्ट धोक्यात येतात. पंपावर डीईएफचं नोझल 19 मिलिमीटरचं असतं, डिझेलचं त्याहून जाड, त्यामुळे डिझेलचं नोझल डीईएफच्या तोंडात शिरत नाही. उलट दिशेला ही अडचण नाही, आणि कॅन-नरसाळ्याला तर कुठेच नाही. डीईएफ उन्हात साठवायचं नाही. डिझेलमध्ये पाणी असल्याचा दिवा लागला की त्याच दिवशी, थंड इंजिनवर, फिल्टरखालचा नट सैल करून स्वच्छ डिझेल येईपर्यंत पाणी सोडायचं. डिपस्टिक आठवड्याला एकदा, सपाट जागी. मागच्या टायरची हवा रिकाम्या आणि भरलेल्या गाडीला वेगळी, आकडे दारावरच्या पट्टीवर. चढावर ओझं वाहून आलं की बंद करण्याआधी मिनिटभर आयडल.

500 किलोमीटरनंतर गाडी परत बोलावली. तेव्हाचा डिझेल फिल्टर कापून कागद पांढऱ्या कापडावर पसरला आणि टॉर्चखाली पाहिला. पंप आतून झिजत असता तर चांदीसारखी चमक दिसली असती. कागद मळका होता, चमक नव्हती. ऑइल दोन खुणांच्या मधोमध.