बोट बघायला जाताना टेप आणि उशी

गेलं वर्षभर आम्ही दोघं पंचवीस ते बत्तीस फुटांच्या शिडाच्या बोटी बघतोय. इंजिन, शिडं, डोलकाठीच्या तारा हे सगळं नवरा तपासतो. मी थेट केबिनमध्ये उतरते, टेप लावते आणि मग प्रत्येक बर्थवर दहा-दहा मिनिटं आडवी होते. ‘सहा जणांची झोपायची सोय’ असं जाहिरातीत वाचलं की माझा पहिला प्रश्न असतो, कधी? नांगर टाकल्यावर की बोट चालू असताना?

हा प्रश्न मला एका रात्री पडला. मित्राच्या तीस फुटी बोटीवर होतो, समुद्र समोरून येत होता. रात्री बारा ते तीन माझी विश्रांती, म्हणून मी नाळेतल्या, म्हणजे बोटीच्या पुढच्या निमुळत्या टोकातल्या, व्ही आकाराच्या बर्थमध्ये (व्ही-बर्थ) जाऊन पडले. दर लाटेला नाळ वर जायची आणि खाली आदळायची. खाली जाताना क्षणभर गादी अंगाखालून निघून जायची, मग धप्प. पायांपलीकडच्या कप्प्यात नांगराची साखळी खडखडत होती. एक वाजता उशी उचलली आणि मधल्या केबिनच्या जमिनीवर शिडांच्या पिशव्यांमध्ये अंग टाकलं. तिथे तासभर तरी डोळा लागला. बोट सी-सॉसारखी पुढे-मागे झुलते आणि तो टेकू साधारण मध्याच्या जरा मागे असतो. त्यामुळे मधोमध हेलकावे सगळ्यात कमी आणि नाळेत सगळ्यात जास्त.

नांगरावर मात्र व्ही-बर्थसारखी जागा नाही. डोक्यावरचं हॅच, म्हणजे छतातलं झाकण, उघडलं की वारा थेट अंगावर येतो. फक्त पायाकडची रुंदी मोजून घ्या. परवा बघितलेल्या एका बोटीत खांद्यापाशी ऐसपैस सहा फूट होते आणि पायाकडे जेमतेम सोळा इंच. चार पावलं तिथे एकमेकांवरच राहणार. 

चालू बोटीत झोपायला माझ्या मते सरळ, अरुंद सेट्टीच हवी, म्हणजे केबिनच्या भिंतीलगतची लांब बैठक. लांबी साडेसहा फूट, रुंदी एकवीस ते चोवीस इंच. त्याहून रुंद असली तर माणूस त्यात इकडून तिकडे लोळत राहतो आणि अंग सैल सोडताच येत नाही. बोट ज्या बाजूला कलते तिकडच्या सेट्टीवर आपण आपोआप भिंतीला टेकून राहतो. वरच्या बाजूला असलो तर ली-क्लॉथ लागतो. हे जाड कापड गादीखाली पक्कं केलेलं असतं आणि वरून दोऱ्यांनी बांधलेलं. पहिल्यांदा त्यात झोपले तेव्हा बोट कलली, सगळा भार पाठीवरून त्या कापडावर गेला, दोऱ्या ताणल्या गेल्या आणि मला झोळीत ठेवल्यासारखं वाटलं. हाताने धरून ठेवायची गरज उरली नाही, तेव्हाच झोप आली.

वारा कधी या बाजूने तर कधी त्या बाजूने, म्हणून सरळ सेट्टी दोन्हीकडे हवी. इंग्रजी यू आकाराची बैठक जेवायला छान दिसते, पण एका बाजूची झोपायची जागा तिने गेलेली असते. टेबल खाली करून, वर उशा मांडून डबल बेड होतो खरा. रोज रात्री तो मांडायचा आणि सकाळी चहाआधी आवरायचा, हे महिनाभर करून बघा.

क्वार्टर बर्थ मला मनापासून आवडतो. डोकं जिन्यापाशी, पाय कॉकपिटच्या, म्हणजे बोट चालवायच्या मागच्या उघड्या जागेच्या, बाकाखाली. पहाऱ्यावरच्या माणसाने नुसती हाक मारली तरी जाग येते. मात्र जिन्यावरून उडणारं पाणी आधी उशीवरच येतं आणि पायाकडे हवा खेळत नाही. गादी उचलून खालचा भाग बघा, काळे डाग असतील तर खाली लाकडी पट्ट्या घालाव्या लागतील.

रुंदीचाही मोह पडतो. कॅटलिना ३० या बोटीची रुंदी १० फूट १० इंच. तिच्यापेक्षा दोन फुटांनी लांब असलेली कॉन्टेसा ३२ फक्त साडेनऊ फूट. बंदरात दोन्हींत पाठोपाठ उतरलात तर कॅटलिना घरासारखी वाटेल. पण रुंद केबिनमध्ये बोट कलली की हाताला आधार लांब पडतो आणि तोल गेला तर माणूस तितकाच लांब फेकला जातो. कुटुंबाला नांगरावर सुट्ट्या घालवायच्या असतील तर मी कॅटलिनाच सुचवीन. आम्हाला रात्रीचे प्रवास करायचे आहेत.

म्हणून सध्या मन अल्बिन वेगा या बोटीवर बसलंय. सव्वाआठ मीटर लांब, जेमतेम अडीच मीटर रुंद, चारच बर्थ, मध्ये समोरासमोर दोन सरळ सेट्टी. रविवारी एक बघितली. नवरा सहा फूट एक इंच, तोही पाय ताणून नीट मावला. ली-क्लॉथ होते, पण पट्टीचे स्क्रू हाताने हलत होते. पुढच्या खेपेला मी त्यात पूर्ण वजन टाकून बघणार आहे.