चवीपुरतं

किराणा दुकानात आपण तूरडाळीचा भाव विचारतो, तेलाच्या पिशवीवरची तारीख बघतो, गुळाच्या रंगावरून हुज्जत घालतो. मिठाचा पुडा मात्र किंमत न बघताच पिशवीत जातो. महागून महागणार किती? आणि लागतं तरी किती, चवीपुरतं!

सरकारांनीही शतकानुशतकं हाच हिशोब केला. स्कॉटिश अर्थतज्ज्ञ ॲडम स्मिथनं १७७६ सालच्या आपल्या ग्रंथात तो पकडला आहे. मीठ माणशी थोडंच लागतं, तेही थोडं थोडं विकत घेतलं जातं, तेव्हा जबर कर बसवला तरी कोणाला फारसं जाणवणार नाही, अशी समजूत झालेली दिसते, असं तो म्हणतो. इंग्लंडात तेव्हा हा कर मिठाच्या मूळ किमतीच्या तिप्पट होता. स्मिथ एके काळी ग्लासगोला नीतिशास्त्र शिकवायचा. माणसानं कसं वागावं याच चर्चेत, राज्यानं कर कोणाकडून आणि किती घ्यावा, हेही यायचं. पुढे १७७८ मध्ये हाच गृहस्थ स्कॉटलंडच्या जकात खात्यात आयुक्त झाला. पगार जकातीचे वर्षाला ५०० पौंड, आणि मीठकराचे वेगळे १००! खाल्ल्या मिठाला तो कसा जागला असेल कोण जाणे.

आपल्याकडे कौटिल्यानं मिठावर अधिकारी नेमला, शुल्कही लावलं. पण वेदपाठी श्रोत्रिय, तपस्वी आणि वेठीला राबणारे मजूर यांना जेवणापुरतं मीठ नेऊ द्यावं, असंही लिहून ठेवलं. त्यात वेठीचा मजूर आला, हे मला महत्त्वाचं वाटतं.

इंग्रज सरकारनं १८८८ मध्ये मिठाचा कर मणाला अडीच रुपये केला. मण म्हणजे साधारण ३७ किलो, म्हणजे किलोला आजचे सात पैसेही नाहीत. कागदावर किरकोळच. पण खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड कर्झनच्याच अंदाजानं १९०१ च्या सुमारास हिंदी माणसाचं सरासरी उत्पन्न वर्षाला ३० रुपये होतं. पाच माणसांच्या घरात वर्षाला वीस-बावीस किलो मीठ लागतं असं धरलं, तर कराचा दीड रुपया होतो. म्हणजे अख्ख्या घराची तीन-चार दिवसांची कमाई. ही झाली सरासरी. शेतमजुराच्या घरी तर तीस रुपयेही कुठले!

गोपाळ कृष्ण गोखले २६ मार्च १९०२ रोजी कलकत्त्याच्या मध्यवर्ती विधिमंडळात उभे राहिले, तेव्हा सरकार अंदाजपत्रकातल्या शिलकीवर खूश होतं. नुकते दोन भयंकर दुष्काळ होऊन गेलेले, आणि तिजोरीत शिल्लक! अंकगणिताचं पाठ्यपुस्तक लिहिलेल्या या मास्तरानं सरकारचेच आकडे सरकारपुढे मांडले. शिल्लक म्हणजे भरभराट नव्हे, लोकांकडून गरजेपेक्षा जास्त घेतलेला पैसा आहे, आणि मिठाचा खप खुंटलाय म्हणजे गरीब माणूस मिठातही काटकसर करतोय, असं त्यांचं म्हणणं. वजाबाकी बरोबर असूनही हिशोब चुकीचा असू शकतो, हे इतक्या सभ्य भाषेत क्वचितच कोणी ऐकवलं असेल.

या विचाराची पायवाट त्यांचे गुरू न्यायमूर्ती रानडे यांनी आधीच पाडली होती. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात १८९२ मध्ये दिलेल्या व्याख्यानात रानड्यांनी बजावलं होतं की, अर्थशास्त्राचे नियम सर्व देशांना, सर्व काळांना सारखे लागू पडत नाहीत. स्वार्थापुरतं बघणारा पुस्तकी माणूस आपल्या गावात भेटत नाही, तेव्हा देश बघून विचार करा. इंग्रजी पुस्तकं वेदवाक्य मानणाऱ्या त्या काळात हे बोलायला धाडस लागत होतं.

मीठकर १९०३ मध्ये दोन रुपयांवर आला, १९०५ मध्ये दीडवर, १९०७ मध्ये एकावर. हे सारं एका भाषणानं झालं असं कोणी म्हणणार नाही. आणि तरीही १९३० मध्ये शिरोड्याच्या नि वडाळ्याच्या मिठागरांवर लोकांना लाठ्या खाव्या लागल्याच.

आज मिठावर जीएसटी शून्य आहे. डिझेलवरचा कर मात्र मेथीच्या जुडीतून, दुधाच्या पिशवीतून रोज थोडा थोडा घरात येतो. तो किती, हे सांगणारी पावती मंडईत मिळत नाही.