मीटर नंतर, आधी सेकंद

माझं घर गोव्यात, मांद्रेत आणि नोकरी म्हापशाला, साडेनऊची. लाटांवर सर्फिंगला जायचं तर पहाटे साडेपाचला उठायचं, सहाला आश्वेच्या वाळूवर पोचायचं आणि आठला घरी येऊन बोर्ड धुवायचा. त्यामुळे उद्या समुद्र कसा असेल हे मला आदल्या रात्रीच ठरवावं लागतं. किनाऱ्यावर भेटणारी नवी मुलं हल्ली एकच विचारतात, "ताई, उद्या किती मीटर?" त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

मी अंदाज वाचायला शिकले थंड पाण्यात. इंग्लंडच्या नैऋत्य टोकाला, कॉर्नवॉलमध्ये, न्यूकी नावाचं गाव आहे. तिथल्या एका हॉटेलात मी दोन वर्षं खोल्या आवरायचं काम केलं. चालत दहा मिनिटांवर फिस्ट्रलचा किनारा. फेब्रुवारी-मार्चमध्ये तिथलं पाणी नऊ-दहा अंशांवर असतं. अंगात पाच मिलिमीटरचा रबरी सूट, बूट, हातमोजे, डोक्याला घट्ट टोपी, एवढं चढवूनही पहिली लाट कपाळावर आली की कवटीत कळ जायची. उधाणाच्या दिवसांत तिथे भरती-ओहोटीत सहा-सात मीटरचा फरक पडतो. सकाळी पाहिलेला किनारा दुपारी सापडत नाही. तिथे सहज म्हणून कोणी पाण्यात उतरत नाही, म्हणून तिथली माणसं अंदाजाचा प्रत्येक आकडा वाचतात. माझ्याबरोबर कामाला असलेल्या एका बाईने मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं की पहिला आकडा उंचीचा, तो सोड, दुसरा बघ.

दुसरा आकडा म्हणजे सेकंद. एका लाटेचा माथा गेल्यापासून पुढचा माथा येईपर्यंतचा वेळ. सहा सेकंदांची लाट खोल समुद्रात, माथ्यापासून माथ्यापर्यंत, सुमारे ५६ मीटर लांब असते, पंधरा सेकंदांची साडेतीनशे मीटर. लाटेला तळ लागायला लागतो तो तिच्या निम्म्या लांबीइतक्या खोलीवर. म्हणजे पहिलीला २८ मीटर पाण्यात, दुसरीला १७५ मीटर पाण्यातच. तळ लागला की लाट मंदावते, आखूड होते आणि वर चढते. अंदाजात दोन्हींपुढे एकच मीटर लिहिलेला असला तरी फुटताना पहिली साधारण सव्वा मीटरची असते आणि दुसरी पावणेदोन मीटरच्याही वर. मीटर तेच, पाणी वेगळं.

आणि तो मीटरसुद्धा सगळ्यात मोठ्या लाटेचा नसतो. सगळ्या लाटांपैकी वरच्या एक तृतीयांश लाटांची ती सरासरी. तासाभरात एखादी जवळपास दुप्पट उंचीची येऊ शकते.

हे सगळं माहीत असूनही मी एकदा फसले. परत आल्यानंतरचा पहिलाच एप्रिल. ॲपवर ०.६ मीटर दिसलं. आपला अरबी समुद्र, कोमट पाणी, लहानपणापासूनचा किनारा, म्हणून मी पुढचा आकडा बघितला नाही. तो होता १७. वाळूवर उभी राहिले तेव्हा समुद्र तळ्यासारखा होता. दहा-बारा मिनिटं काहीच आलं नाही. मी निवांत आत गेले आणि मग क्षितिजावर एकामागोमाग पाच रेघा उठल्या. मोठ्या सेकंदांच्या लाटा अशाच येतात, टोळीने, आणि दोन टोळ्यांमधली शांतता लांब असते. तिसऱ्या लाटेने बोर्ड हातातून काढून घेतला, पायाची दोरी तुटली, आणि मी पोहत बाहेर आले ती चारशे पावलं दक्षिणेला, मोरजीच्या बाजूला. त्या दिवसापासून पंधरा मिनिटं वाळूवर बसून समुद्र बघितल्याशिवाय मी पाय भिजवत नाही.

त्या पाच लाटा आल्या कुठून? इथे वारा नव्हता, वादळ नव्हतं. त्या आल्या होत्या विषुववृत्ताच्या पलीकडून, दक्षिण महासागरातून, जिथे बर्फाळ पाण्यावर वादळं गोल फिरत असतात. पंधरा सेकंदांच्या लाटांची टोळी खोल समुद्रात ताशी ४२ किलोमीटरने चालते. तिथून गोवा साडेसहा हजार किलोमीटर धरलं तर सहा-साडेसहा दिवसांचा प्रवास. वॉल्टर मंक या समुद्रशास्त्रज्ञाने १९६३ साली दक्षिणेतल्या वादळांच्या अशाच लाटांचा माग अख्ख्या पॅसिफिकभर काढला, थेट अलास्कापर्यंत. केरळात या पाहुण्या लाटांना कल्लक्कडल म्हणतात, चोरासारखा येणारा समुद्र. मे २०२४ च्या सुरुवातीला हैदराबादच्या इन्कॉइसने, म्हणजे समुद्राचे अंदाज देणाऱ्या सरकारी संस्थेने, केरळ आणि तमिळनाडूला त्यांचा इशारा दिला होता. आभाळ निरभ्र असताना समुद्र घरात शिरतो, तो यांच्यामुळे.

न्यूकीला वादळ दोन-तीन दिवसांवर असतं, कधी डोक्यावरच, त्यामुळे तिथला अंदाज रोज बदलतो. आपल्याकडे लाट आठवडाभर आधी निघालेली असते, तिची उंची, सेकंद, दिशा बऱ्यापैकी पक्की कळते. आपल्याकडे कळत नाही ते शेवटच्या दोनशे मीटरांतलं. वारा आणि वाळू.

त्यासाठी मला माझे मामा लागतात. मामांचं आयुष्य रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मासेमारीचं मोठं जाळं, ओढण्यात गेलं. ते माडी काढणाऱ्या रेंदेराच्या माडाकडे बघून वारा सांगतात. पहाटे जमिनीवरून समुद्राकडे वाहतो तो मतलई. लाटेच्या तोंडावर तो आला की लाट उभी राहते, गुळगुळीत होते, फुटायला वेळ घेते. दहा-अकराला तो पडतो आणि खारा वारा सुरू होतो, वायव्येकडून, आणि दुपारपर्यंत समुद्रावर पाच सेकंदांच्या बारीक लाटांचा चुराडा होतो. दोनापावलच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने गोव्यासमोरच्या समुद्रात हे मोजलेलं आहे: पावसाळ्याआधीच्या महिन्यांत लाटा दुपारी चढतात, रात्री उतरतात. म्हणून संध्याकाळी ॲपवर मोठा मीटर दिसला तरी मी जात नाही. तो सगळा खाऱ्या वाऱ्याचा असतो.

भरतीचं मामांचं गणित तिथीवर. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ, अष्टमीला सहा. आमच्याकडे पाणी त्याच्या थोडं आधीच भरतं, ते मामा मनात वजा करतात. मी तक्ता उघडेपर्यंत त्यांचं उत्तर आलेलं असतं.

वाळूबद्दल मात्र रोज जाऊन बघण्याला पर्याय नाही. पावसाळ्यात लाटा किनाऱ्याची वाळू ओढून आत नेतात आणि तिचा बांध घालतात. ऑक्टोबरमध्ये लाट त्या बांधावर, किनाऱ्यापासून दूर फुटते, म्हणून ते माझे सगळ्यात आवडते दिवस. मग वाळू हळूहळू परत येते, मे महिन्यापर्यंत बांध किनाऱ्याला चिकटतो आणि लांब सेकंदांची लाट एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकदम कोसळते. त्यावर उभं राहायला जागाच नसते. हिवाळ्यात कधी आखाती देशांकडचा शमाल वारा वायव्येकडून आखूड लाटा पाठवतो. त्या दक्षिणेच्या लाटांना तिरक्या छेदल्या की मध्येच टोकं उभी राहतात, डावीकडे-उजवीकडे दोन्हीकडे उतरता येतील अशी. अशा सकाळी वर्षातून पाच-सहाच मिळतात.

बांधाला मध्ये चर पडलेला असतो. तिथे लाट फुटत नाही, पाणी काळसर आणि शांत दिसतं, आणि पोहायला आलेली माणसं नेमकी तिथे उतरतात. लाटांनी आत आणलेलं सगळं पाणी त्याच वाटेने बाहेर जातं. कोणी तिथे उतरताना दिसलं तर कृपा करून हाक मारा. तुम्हीच ओढले गेलात तर किनाऱ्याकडे झगडू नका, किनाऱ्याला समांतर पोहा. आणि जून ते सप्टेंबर पाण्यात उतरूच नका, लाल बावटा असो वा नसो.

आज वद्य प्रतिपदा. इन्कॉइसवर उद्यासाठी ०.७ मीटर, १५ सेकंद, दक्षिण-नैऋत्य. ओहोटी साडेसहाच्या सुमाराला, म्हणजे सातपासून पाणी चढतं मिळेल. मघाशी मामांना फोन केला. ते अंगणात जाऊन उभे राहिले असावेत, कारण थोडा वेळ नुसता माडांचा आवाज ऐकू आला. मग म्हणाले, "मतलई बारीक असेल, बाय, पण साडेआठपर्यंत राहील. मोरजीच्या बाजूला जाऊ नकोस, तिथला चर परवापासून रुंद झालाय."

बोर्डला मेण लावून ठेवलं आहे. गजर पाच वीसचा.