कोल्हापुरीवरची हिरवी लव

दिवाळीच्या कार्यक्रमाला घालायची म्हणून कपाटाच्या तळाशी ठेवलेली कोल्हापुरी काढली आणि तशीच खाली टाकली. अंगठ्यापासून टाचेपर्यंत हिरवट लव! शिळ्या भाकरीवर येते तशी.

सिंगापूरला आल्यापासून कुबट वासाची सवय झालीच होती. विषुववृत्त इथून जेमतेम दीडशे किलोमीटर, त्यामुळे हवेतली आर्द्रता बाराही महिने ऐंशी टक्क्यांच्या आसपास. आपल्याकडे कोकणात पावसाळ्यात भिंती ओलावतात, पण दसऱ्यानंतर ऊन पडतं आणि सगळं सुकतं. इथे तो दसरा येतच नाही.

आईला व्हिडिओ कॉलवर चप्पल दाखवली. "डांबराच्या गोळ्या ठेव गं." पण त्या किडीसाठी, बुरशीला त्याचं काय! मी आपली व्हिनेगरने कपाट पुसून मोकळी झाले. आठ दिवसांत काळे ठिपके परत हजर.

मग कपाट ओढलं. मागची भिंत हाताला गार, रंगाला पोपडे, आणि प्लायवूड फुगून पापडासारखं सुटलेलं. वर बघते तर एसीचा पाइप झाकणारी प्लास्टिकची पट्टी बरोबर तिथूनच बाथरूमकडे गेलेली.

एसीवाले अंकल आले. (इथे प्लंबरपासून टॅक्सीवाल्यापर्यंत सगळे अंकलच.) एसीतली गार कॉइल हवेतल्या वाफेमुळे थंड पाण्याच्या पेल्यासारखी घाम धरते, ते पाणी ट्रेमध्ये पडतं आणि उतार धरून पाइपातून निघून जातं. आमचा पाइप चोकअप. ट्रे भरून पाणी मागच्या मागे भिंतीत. अंकलनी पाइपाच्या टोकाला व्हॅक्यूम लावला, तसा घळकन एक तपकिरी, बुळबुळीत गोळा बाहेर आला. साबुदाण्याची खीर आठवली, आणि त्या आठवड्यात खीर काही केली नाही.

यात चूक माझीच. भाडेकरारात दर तीन महिन्यांनी एसीची सर्व्हिसिंग भाडेकरूने करायची, असं स्पष्ट लिहिलेलं असतं. आमच्याही होतं. मी एक फेरी चुकवली होती, पैसे वाचवायला! घरमालकाला फोटो पाठवले, तर पहिला प्रश्न सर्व्हिसिंगच्या पावत्यांचा. प्लायवूडचे पैसे आम्हीच भरले.

साफसफाईत एक गोष्ट कळली: गळती थांबल्याशिवाय पुसणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. मास्क, हातमोजे, खिडक्या उघड्या. कोरड्या फडक्याने झटकायचं नाही, बुरशीचे कण घरभर उडतात. ओल्या फडक्याने टिपायचं. ब्लीच वापरणार असाल तर त्यात व्हिनेगर अजिबात मिसळू नका, विषारी क्लोरीन वायू होतो. फुगलेलं प्लायवूड वाचत नाही, सरळ फेकलं. भिंतीला चार दिवस पंखा लावून ठेवला, मगच रंग. नवरा दुसऱ्याच दिवशी डबा-ब्रश घेऊन उभा होता. ओलीवर रंग म्हणजे महिन्यात परत पोपडे.

आता कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे आहे. चप्पल सावलीत वाऱ्यावर ठेवली, ब्रशने झाडली, तेलाचा हात दिला. डाव्या पट्ट्यावर एक काळा डाग राहिलाय. ती आता कपाटात नसतेच. दर शनिवारी टेक्का मार्केटला भाजी आणायला तीच घालून जाते.