मुंबई–गोवा क्रूझ: विदर्भातून जाणाऱ्यांनी केबिन कुठली मागावी

कापूस विकून हात मोकळे झाले की दारव्हा, आर्णी, पुलगावकडची मंडळी जानेवारी-फेब्रुवारीत क्रूझला निघतात. वेळ बरोबर आहे, तेव्हा अरबी समुद्र बराच शांत असतो. चूक होते ती बुकिंग करताना. एजंट म्हणतो, 'वरच्या मजल्यावरची भारी केबिन देतो,' आणि आपण हो म्हणतो.

समुद्रात उंची म्हणजे झोका. जहाज डावी-उजवीकडे डोलते तेव्हा सगळ्यात जास्त हलतात वरचे डेक, म्हणजे मजले. पुढे-मागे झुकते तेव्हा दोन्ही टोके. मुंबईहून सुटणारे कॉर्डेलिया कंपनीचे 'एम्प्रेस' जहाज सुमारे २११ मीटर लांब आहे. ते लांबीच्या दिशेने फक्त एक अंश झुकले, तरी टोक पावणेदोन मीटरच्या आसपास वर किंवा खाली जाते. मधल्या केबिनला ते फारसे कळतही नाही. एसटीच्या मागच्या सीटवर बसलेल्याला हे वेगळे सांगायला नको. म्हणून पहिल्यांदा जाणाऱ्याने आणि ज्याला घाटात मळमळते त्याने खालच्या डेकवरची, लांबीच्या मध्याजवळची केबिन मागावी. बहुतेकदा ती स्वस्तही पडते.

पैसे भरण्याआधी डेक प्लॅन, म्हणजे मजल्यांचा नकाशा, मागा आणि निवडलेल्या केबिनच्या वर व खाली काय आहे ते पाहा. दोन्हीकडे केबिनच असतील तर उत्तम. वर पोहण्याचा तलाव किंवा जेवणाचा हॉल असला की पहाटेपासून खुर्च्या ओढल्याचा आवाज येतो. खाली थिएटर किंवा डिस्को असला तर मध्यरात्रीपर्यंत धडधड. नकाशातल्या कोऱ्या, नाव नसलेल्या जागा बहुधा स्वयंपाकघर किंवा कर्मचाऱ्यांच्या कामाच्या असतात, तिथे ट्रॉल्या फिरतात. अगदी मागे इंजिनाची आणि जहाज पुढे ढकलणाऱ्या पाण्याखालच्या पंख्याची थरथर जाणवते. अगदी पुढे, खालच्या डेकवर, जहाज धक्क्याला लागताना त्याला आडवे ढकलणारे पाण्याखालचे पंखे सुरू होतात आणि गोवा यायच्या आधीच झोप मोडते.

आबाजींचे गुडघे दुखत असतील तर लिफ्टजवळची केबिन घ्या, पण लिफ्टच्या समोरची नको. चार-पाच दारे सोडून घ्या. मधले दार असलेल्या जोडकेबिन एकाच घरच्यांना सोयीच्या, अनोळखी शेजारी असला तर त्याचे घोरणेही ऐकू येते.

खिडकीच्या केबिनसमोर लाइफबोट तर नाही ना, हे विचारा. असेल तर समुद्राऐवजी बोटीची पाठ दिसते. डावी बाजू की उजवी, यावर मात्र डोके शिणवू नका. गोव्याकडे जाताना किनारा डावीकडे आणि मावळतीचा सूर्य उजवीकडे, परतताना उलट. पण बराचसा प्रवास रात्रीच होतो. आतल्या, बिनखिडकीच्या केबिनमध्ये दिवा विझला की मिट्ट काळोख होतो, म्हणून छोटी टॉर्च उशाशी ठेवा.

'गॅरंटी' नावाचे स्वस्त तिकीट घेतले तर फक्त केबिनचा प्रकार नक्की असतो, नंबर कंपनी शेवटी देते. तरण्या पोरांना चालेल. म्हातारी माणसे सोबत असतील तर नंबर पावतीवर लिहून घ्या.

मळमळीवर एव्होमिनची गोळी जहाज सुटायच्या तास-दोन तास आधी घेतात. उलटी सुरू झाल्यावर तिचा उपयोग कमी. या गोळीने झोप येते. काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

धामणगाव किंवा बडनेऱ्याहून रात्रीच्या गाडीने सकाळी सीएसएमटी गाठता येते, तिथून जहाजाचा धक्का, बॅलार्ड पिअर, टॅक्सीने अगदी जवळ. तरी एक दिवस आधीच पोचा; गाडी लेट झाली तर जहाज थांबत नाही, आणि चेक-इन सुटण्याच्या बरेच आधी बंद होते. परतताना उतरणे सकाळी, आपली गाडी संध्याकाळी. स्टेशनच्या क्लोकरूमला बॅगा कुलूप लावलेल्याच घेतात आणि तिकीटही दाखवावे लागते, तेव्हा छोटी कुलपे घरूनच न्या.