खाज फवारणीची नव्हती

मी दिंडोरी तालुक्यातल्या एका उपकेंद्रात एएनएम म्हणजे परिचारिका आहे आणि ही गोष्ट डिसेंबरातल्या नऊ तारखेची. दर महिन्याच्या नऊ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची तपासणी असते, २०१६ पासून चालू आहे, त्या दिवशी आमच्या पीएचसीत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रात, गरोदर बायांची नुसती रांग. आणि डिसेंबर म्हणजे आमच्याकडे द्राक्षाचा ऐन हंगाम, डिपिंग म्हणजे जीए नावाच्या औषधात घड बुडवणं, विरळणी, बागेत माणूस मिळत नाही, त्यामुळे निम्म्या बाया पहाटे मजुरीचं निम्मं काम उरकून येतात.

तक्रारी सगळ्यांच्या ठरलेल्या. जळजळ, बद्धकोष्ठ, कंबर, रात्री पोटरीत गोळे. त्या दिवशी सकाळपासून मी तेच सांगत होते, की बाई एकदम पोटभर जेवू नको, थोडं थोडं खा, जेवल्याजेवल्या आडवी होऊ नको, डोक्याखाली एक उशी जास्त घे. लोहाच्या गोळीने शौचाला काळं होतं, घाबरू नको आणि गोळी बंद करू नको, पाणी वाढव, पालेभाजी खा. ती गोळी चहासोबत तर नकोच, आणि कॅल्शियमची गोळी तिच्याबरोबर एकदम नको, दोन तासांचं अंतर ठेव, कारण दोन्ही एकत्र घेतल्या तर लोह नीट अंगी लागत नाही. हे सांगायला कंटाळा येत नाही मला, कारण गोळ्या बंद करणाऱ्या बायांचं हिमोग्लोबिन पुढे किती खाली जातं ते मी बघितलंय. पण एक होतं, दिवसभर "होतं गं असं" म्हणून म्हणून ते वाक्य तोंडात बसून जातं.

सविता म्हणू तिला, खरं नाव नको. दुसरं बाळंतपण, तेहतिसावा आठवडा. आधीच्या भेटीत ती म्हणाली होती सिस्टर अंगाला खाज सुटते. मी पोट बघितलं, ताणलेली कातडी, म्हटलं आठव्या महिन्यात होतं, खोबरेल लाव, आणि कॅलामाइनची बाटली दिली. माझ्याच हाताने दिली, ते मला अजून खुपतं.

त्या दिवशी सकाळी एवढी थंडी, बाया मोजे घालून, शाली गुंडाळून उन्हाची जागा धरून बसलेल्या, आणि ही एकटी आत व्हरांड्यात अनवाणी उभी. गार फरशीवर. मधेच एक पाय उचलून पायरीच्या कडेवर तळवा घासायची, मग दुसरा. मी बीपी घेता घेता ते बघत होते आणि हातातलं काम थांबलं माझं.

"अगं चप्पल कुठंय तुझी?"

"नको सिस्टर, फरशीवर बरं वाटतं. आग होती नुसती तळपायाची."

तळहात बघितले तर लाल, पण पुरळ नाही, फोड नाही, मनगटावर आणि नडगीवर फक्त नखांचे ओरखडे. रात्री झोपतेस का विचारलं तर ही खाली बघायला लागली. सासूच म्हणाली, रात्री दोन वाजता बादलीत पाय घालून बसती, या थंडीत, आम्ही म्हटलं फवारणीचं औषध लागलं असंल, जीएच्या डिपिंगला हात घालती ना, त्याने झालं. मग कुणी म्हणालं अंगावर पित्त उठलंय, म्हणून आमसुलं भिजवून चोळली.

पण बागेत जाणं तिने बारा दिवसांपासून बंद केलेलं होतं आणि खाज उलट वाढलेली. बरोबर डिपिंग करणाऱ्या जावेला काहीच नाही. लघवीचा रंग विचारला तर पिवळी जर्द. तिची आई पण आलेली होती बरोबर, ती मला समजावल्यासारखं म्हणाली, "ताई, मला पण हिच्या वेळी असंच झालं होतं शेवटी शेवटी, बाळंत झाले आणि गेलं, त्यात काय."

तिथून मी तिला सरळ रांग तोडून डॉक्टर मॅडमकडे नेलं. मागच्या बाया बोलल्या, बोलू दे.

मॅडमनी पाच मिनिटं ऐकलं, यकृताच्या तपासणीसाठी रक्त घ्यायला लावलं आणि नाशिकला पाठवायची चिठ्ठी लिहिली. सासूला वाटलं पित्ताचा त्रास म्हणजे ॲसिडिटी, कोकम सरबत देऊ का म्हणाली. मॅडमनी शांतपणे सांगितलं की मावशी हे ते पित्त नाही आणि अंगावर उठतं तेही नाही, यकृतात जो पित्तरस तयार होतो तो गरोदरपणातल्या हार्मोन्समुळे नीट वाहत नाही, त्यातली आम्लं रक्तात साठतात, म्हणून हातापायाचे तळवे खाजतात, रात्री जास्त, आणि पुरळ मात्र येत नाही. आईला त्रास खाजेचा, पण आम्लं फार वाढली तर बाळ पोटात दगावू शकतं. हे कधी कधी घरातच असतं, आईला झालं तर लेकीला होतं. सविताच्या आईचा चेहरा त्या क्षणी कसा झाला ते सांगता येत नाही.

नवरा बागेतून आला, हात औषधाचे, म्हणाला मॅडम माल सोडून आज नाशिकला कसं जाऊ, उद्या जाऊ का. मी रुग्णवाहिकेसाठी १०२ ला फोन लावलेलाच होता. त्याला म्हटलं दादा तू संध्याकाळी ये, आम्ही पुढे निघतो. आशाताई बरोबर गेली.

पित्ताच्या आम्लांचा रिपोर्ट यायला काही दिवस लागले, पण यकृताचे आकडे दुसऱ्याच दिवशी वाढलेले निघाले. गोळ्या सुरू झाल्या, दर आठवड्याला रक्त, बाळाचे ठोके, हालचाल कमी वाटली तर रात्र असो की दिवस लगेच यायचं असं बजावून ठेवलं. खाज एकदम नाही गेली, कमी झाली. मी रोज संध्याकाळी फोन करायचे, पहिला प्रश्न बाळ हललं का, दुसरा झोपलीस का. सदतिसाव्या आठवड्यात कळा आणून बाळंतपण केलं. मुलगी, दोन किलो सहाशे ग्रॅम, लगेच रडली.

बाळंतपणानंतर चौथ्या दिवशी सविताचा फोन, म्हणे सिस्टर काल मला झोप लागली, बाळ रडलं तेव्हाच जाग आली. पुढच्या वेळीही हे होऊ शकतं, पहिल्याच तपासणीला सांगायचं, हे मी तिच्या कार्डावर लाल पेनाने लिहून दिलंय.

फोन तिच्या आईने घेतला मग. बराच वेळ काही बोलली नाही. नंतर म्हणाली, "ताई, धाकटीला पाचवा लागलाय, निफाडला दिलीय, तिला पण एकदा तुमच्याकडं आणू का?"

म्हटलं माझ्याकडे यायची वाट बघू नका, आजच तिला फोन करून सांगा की तिथल्या सिस्टरला आधीच सगळं सांगून ठेव, आणि नऊ तारखेला मीच येते तिथे.